उपग्रह १२ सेकंद लवकर आला: घड्याळ चुकले की कक्षा?

प्रश्न
वाईजवळच्या शेतातून मी ७×५० च्या द्विनेत्री दुर्बिणीने उपग्रह पाहतो. काल एका जुन्या रॉकेटचा रिकामा टप्पा स्वातीजवळून जाणार होता. मार्ग तंतोतंत जुळला, परंतु तो १२ सेकंद आधीच आला. वापरलेली टीएलई (कक्षेची दोन ओळींतली आकडेवारी, जिच्यावरून येण्याची वेळ काढतात) नऊ दिवसांपूर्वीची होती. चूक कोठे असावी, आणि अशा नोंदीचा कोणाला उपयोग होतो काय?

प्रतिसाद १
बारा सेकंदांत तो टप्पा सुमारे ९० किलोमीटर पुढे जातो. स्थान नोंदवण्यात इतकी मोठी चूक सहसा होत नाही. मार्ग जुळून केवळ वेळ हुकली, तर संशय घड्याळावर किंवा शिळ्या टीएलईवर घ्यावा. ९५ मिनिटांची एक फेरी धरली, तर नऊ दिवसांत सुमारे १३५ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीतला सेकंदाचा अंश साचत जातो. सूर्याच्या उद्रेकांमुळे वरचे वातावरण तापून फुगले की घर्षण वाढते, कक्षा खाली येते आणि लहान कक्षेची फेरी लवकर पुरी होते; म्हणजे अडथळा वाढला तरी उपग्रह उशिरा नव्हे, लवकर येतो. प्रथम ऐकताना हे मलाही उलटेच वाटले होते.

प्रतिसाद २
उपयोगाविषयी स्पष्टच सांगतो: ज्याची टीएलई जाहीर होते त्याची नोंद हा मुख्यतः सराव होय. मात्र अमेरिका आपल्या हेरगिरी उपग्रहांच्या कक्षा जाहीर करत नाही. लोकांना ठाऊक असलेल्या या कक्षा हौशी निरीक्षकांच्या मोजमापांवरूनच ठरवल्या जातात. त्यासाठी द्विनेत्रीत जवळजवळ दिसणारे दोन तारे निवडावेत, उपग्रहाने त्यांना जोडणारी रेषा ओलांडताच स्टॉपवॉच सुरू करावे, त्या अंतराचा कितवा भाग त्याने छेदला हे लक्षात ठेवावे आणि अचूक घड्याळाच्या ठरलेल्या सेकंदाला स्टॉपवॉच थांबवून वजाबाकी करावी. डोक्यावरून ५०० किलोमीटर उंचीने जाणारा उपग्रह सेकंदाला जवळजवळ एक अंश सरकतो, म्हणून वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत हवी.

प्रश्नकर्ता
त्याच संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक अगदी वेळेवर आले होते, तेव्हा माझे घड्याळ निर्दोष ठरते. बोटाने बटण दाबण्यास लागणारा वेळ मात्र वजा करावा काय?

प्रतिसाद २
करू नये. रेषा ओलांडणे आणि सेकंदाचा ठोका या दोन्ही घटना आधीच अपेक्षित असतात, त्यामुळे दोन्ही वेळचा उशीर बराचसा एकमेकांत वजा होतो. उरलेला अंदाज नोंदीपुढे अनिश्चितता म्हणून लिहावा.