अनुभव शून्य, रेझ्युमेत लिहू काय?

कोरा_कागद:
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. २०२३ ला बीकॉम झाले, ६१ टक्के. लगेच बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून दोन वर्षं आमचं किराणा दुकान मी आणि आईने सांभाळलं. आता धाकटा भाऊ बघतो. मला अकाउंट्स असिस्टंटची नोकरी हवी आहे, सांगली-कोल्हापूरला किंवा पुण्यात. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं, एमएससीआयटी झालंय, इंग्रजी टायपिंग ३० चं सर्टिफिकेट आहे.

काल रेझ्युमे लिहायला बसले. शिक्षणापर्यंत आले आणि 'अनुभव' या शब्दापाशी गाडी अडली ती अडलीच. सायबर कॅफेवाल्याने तयार नमुना दिलाय. त्यात 'हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेयर' आधीच छापलंय, आपण फक्त नाव बदलायचं. दोन वर्षांची गॅप कशी झाकू?

खतावणीकाका:
गॅप कुठे आहे? दुकान चालवलंत ना? उधारीची वही कोण लिहायचं? होलसेलरची बिलं कोण लावायचं?

कोरा_कागद:
दोन्ही मीच, काका. उधारीवाली चाळीसेक घरं आहेत. वहीत खाडाखोड फार व्हायची म्हणून मी सगळं एक्सेलमध्ये घेतलं. बिलं दर महिन्याला लावून करसल्लागाराकडे पाठवायचे. पण पगार कुठे होता? घरचंच काम ते.

खतावणीकाका:
मी सीएच्या ऑफिसात २२ वर्षं आहे, नवीन मुलांचे रेझ्युमे आधी माझ्याकडे येतात. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ तारखेपर्यंत आणि ३बी (महिन्याचा गोषवारा आणि कर) २० तारखेपर्यंत भरायचं असतं. १० तारखेला आमचा निम्मा दिवस 'शेठ, बिलं पाठवा' असे फोन करण्यात जातो. ज्या मुलीने दुकानाच्या बाजूने हेच काम दोन वर्षं वेळेवर केलंय, ती मला हवीच आहे. पण तुम्ही लिहिलंच नाही तर मला कळणार कसं?

असं लिहा: 'किराणा दुकान (कौटुंबिक व्यवसाय), सांगली, २०२३ ते २०२५. सुमारे ४० ग्राहकांची उधारी वहीतून एक्सेलमध्ये आणली, महिनाअखेर येणं-देणं जुळवलं. खरेदीची बिलं तारखेनुसार लावून दरमहा करसल्लागाराला दिली.' पगाराचा उल्लेख नको, 'कौटुंबिक' हा शब्द मात्र ठेवाच. हे सगळं शिक्षणाच्या वर घ्या. आणि ते 'हार्डवर्किंग' खोडा. मेहनती नाही असं आजवर एकानेही लिहिलेलं नाही.

पेठेतला_पाहुणा:
एवढा खटाटोप कशाला? ओळखीच्या फर्मकडून एक वर्षाचं अनुभवपत्र आणा. सगळेच आणतात.

खतावणीकाका:
आणतात, आणि आमच्यासमोर बसून घाम पुसतात. गेल्या वर्षी दोन वर्षांचं पत्र घेऊन एक मुलगा आला. विचारलं, गल्ल्यातली रोकड आपल्याच बँक खात्यात भरली तर टॅलीत कुठलं व्हाउचर? म्हणाला पेमेंट. काँट्रा, बाबा, एफ४! पैसा आपल्याच गल्ल्यातून आपल्याच बँकेत गेला, बाहेर कुणाला दिलाच नाही. चुकला याचं काही नाही, शिकवता येतं. पण पत्र खोटं हे तिथेच कळलं, मग बाकीच्या कागदांवर तरी विश्वास कसा ठेवू?

आवकजावक:
काकांना +१. माझंही पान कोरंच होतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिने एका सरकारी कार्यालयात होतो. ही योजना २०२४ ला सुरू झाली, पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन. नवीन जागा निघाल्यात का ते महास्वयं पोर्टलवर बघा. तिथे पहिला महिना नुसती खुर्ची उबवली. मग मीच आवक-जावक रजिस्टर मागून घेतलं. रेझ्युमेत तेच लिहिलं आणि मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच आले.

मीठभाकर:
ताई, नमुन्यात वडिलांचं नाव, जात, उंची, वैवाहिक स्थिती असेल तर उडव. आपण स्थळ बघायला निघालेलो नाही. 😀 शेवटचं 'वरील माहिती सत्य आहे' हेही खाजगी नोकरीला लागत नाही.

खतावणीकाका:
ते राहू द्या, आमच्याकडे जुन्या साहेबांना आवडतं. एका ओळीने काय बिघडतंय?

मीठभाकर:
बरं, काका. 🙏 पण कॅनव्हाचे रंगीत, दोन रकान्यांचे साचे नकोतच. नोकरीच्या पोर्टलवर चढवले की मजकुराची बरेचदा खिचडी होते. साधं वर्ड, एक पान, पीडीएफ करून पाठव. आणि फाईलला स्वतःचं नाव दे. 'रेझ्युमे फायनल न्यू २' नको.

कोरा_कागद:
😅 माझ्या फाईलचं नाव अगदी तेच आहे! आता बदलते. काका, संदर्भ म्हणून बाबांचा नंबर दिला तर चालेल?

खतावणीकाका:
बापाने लेकीची तारीफ केली तर ती कोण धरणार? होलसेलरचा द्या, त्याला विचारून. तुमचा हिशेब त्याच्याइतका कुणी तपासलेला नसेल.

कोरा_कागद:
आत्ताच फोन केला. म्हणाले, "खुशाल दे नंबर, पोरी. तू होतीस तोवर एक बिल अडकलं नाही. पण आधी तुझ्या भावाला सांग, मागच्या महिन्याचे ३,२०० राहिलेत."