मदत हवी आहे : पार्टी पैसे देईना, सॉफ्टवेअर लॉक केलं तर चालतं का?

लूमसॉफ्ट_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादर कारखान्याला उत्पादन, मजुरी आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलंय. दोन बिलं थकलीत, मिळून १,८५,००० रुपये. मालक फोन उचलेनात, ऑफिसातून "शेठ बाहेरगावी आहेत" एवढंच उत्तर मिळतं. पुढच्या अपडेटमध्ये तारखेची अट टाकायचा विचार आहे. त्या दिवसानंतर लॉगिन केलं की डेटाबेस कनेक्शनची एरर येईल, मग आपोआप फोन येईल. कायद्यात बसतं का एवढंच सांगा. उपदेश नको, घाईत आहे.

डीबीए_जुळेसोलापूर
सर्व्हर कुणाचा? कारखान्यात आहे की तुमच्या क्लाउडवर? करार लेखी आहे का, त्यात लायसन्सची मुदत लिहिली आहे का? तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? हे कळल्याशिवाय कुणीही दिलेलं उत्तर अंदाजपंचे असेल.

लूमसॉफ्ट_सोलापूर
सर्व्हर त्यांचाच, त्यांच्या ऑफिसात. करार नाही. कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांनी "ओके, काम सुरू करा" लिहिलं. उद्यम आहे. पण लॉकशी याचा काय संबंध?

सायबर_सातरस्ता
सगळा संबंध तिथंच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ वाचा. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकाचं काम विस्कळीत करणं, अधिकृत माणसाला वापरापासून अडवणं, बाधा आणणारा प्रोग्राम घुसवणं, या तिन्ही गोष्टी त्यात वेगवेगळ्या पोटकलमांत आहेत. नुकसानभरपाई तर आहेच. अप्रामाणिक हेतू दिसला की कलम ६६ लागतं : ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही तर खोटी एरर दाखवणार, म्हणजे हेतूचा पुरावा स्वतःच्या हातानं कोडमध्ये लिहून ठेवणार. आज पैसे मागणारे तुम्ही आहात, लॉक टाकलात की आरोपी तुम्ही.

कोडर_बाळे
म्हणजे प्रोग्रामरनं फुकट राबायचं? वीजबिल थकलं की महावितरण लाइन तोडतं, त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही. कोड लिहिणाऱ्याचा हक्कच नाही का काही?

सायबर_सातरस्ता
महावितरणलासुद्धा वीज कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि लाइन तोडल्यावर ते "ट्रान्सफॉर्मर जळालाय" असं सांगत नाहीत. कोडवरचा हक्क मान्य आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कोडचा हक्क लेखी दिल्याशिवाय सहसा त्याच्याचकडे राहतो. पण त्या हक्कातून दुसऱ्याच्या मशिनवर चोरून काही बसवायची मुभा मिळत नाही. आणि डेटा तर पूर्ण कारखान्याचाच.

नवीपेठ_हार्डवेअर
सर्व्हर कारखान्यात आहे म्हणता तर एक सांगतो. लूमच्या शेडजवळ रुईचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये नमद्यासारखे बसतात, मग मशिन तापून आपोआप बंद पडतं. कॅबिनेटला पुढून धुता येणारी जाळी लावा, दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा. यूपीएस ऑनलाइन टाइपचाच घ्या, लूमच्या मोटारी सुरू होताना व्होल्टेज पडतं.

कोडर_बाळे
अहो, ते पैशांचं विचारतायत आणि तुम्ही ब्लोअर काय सांगताय!

नवीपेठ_हार्डवेअर
लॉक टाकल्यावर मशिन खरंच तापून बंद पडलं तरी नाव यांचंच येणार, म्हणून सांगितलं.

डीबीए_जुळेसोलापूर
लायसन्सची मुदत ठेवणं गैर नाही, लपवणं गैर. पुढच्या पार्टीपासून कोटेशनमध्येच लिहा : मुदत किती, थकबाकी किती दिवस चालेल, नंतर नेमकं काय बंद होईल. मुदतीआधी ३०, १५ आणि ७ दिवसांवर स्क्रीनवर स्पष्ट मराठीत सूचना. मुदत संपली की फक्त नवीन नोंद बंद. जुना डेटा बघणं, छापणं, एक्सेलमध्ये काढून घेणं चालूच राहिलं पाहिजे. सध्याच्या पार्टीला मात्र हे मागाहून लादता येणार नाही, तसं ठरलंच नव्हतं.

आता मजुरीच्या भागाकडे बघा. तक्त्यात कामगार नंबर, लूम नंबर, पाळी, नग, डॅमेज आणि कापलेली उचल असते. हप्त्याच्या, म्हणजे आठवड्याच्या पगाराच्या दिवशी तो उघडला नाही तर जॉबर (मुकादम) वहीवरून अंदाजानं पैसे वाटतो. पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअर चालू झालं की तीच उचल परत कापली जाते. पैसे शेठनी थकवले आणि कात्री लागते विणकराला. बिलिंगचंही तेच. कारखान्याची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइसशिवाय (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाशिवाय) व्यापाऱ्याला बिल देता येत नाही, भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो.

लूमसॉफ्ट_सोलापूर
कामगारांना त्रास द्यायचा नाहीये. पण मालक म्हणतात मजुरी चुकते म्हणून पैसे अडवलेत. ते निमित्त आहे. फक्त रात्रपाळीचा प्रश्न आहे, बाकी सगळं बरोबर चालतं.

डीबीए_जुळेसोलापूर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! रात्रपाळीत नेमकं काय होतं? बाराच्या पुढचे नग दुसऱ्या तारखेला पडतात का?

लूमसॉफ्ट_सोलापूर
होय. हप्ता ज्या रात्री बंद होतो त्या रात्रीचे नग पुढच्या हप्त्यात जातात. एकूण बेरीज बरोबरच येते.

डीबीए_जुळेसोलापूर
मधेच काम सोडणाऱ्याची बेरीज बरोबर येत नाही, त्याला पुढचा हप्ताच नसतो. आधी हे दुरुस्त करा. नोंदीच्या वेळेवरून तारीख काढू नका. 'पाळी-तारीख' असा वेगळा कॉलम घ्या आणि रात्रपाळीची प्रत्येक नोंद पाळी सुरू झाल्याच्या तारखेला बांधा. मजुरीची क्वेरी त्याच कॉलमवर चालवा. जुन्या नोंदी बदलण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून बघा, मग फरकाचा तक्ता कामगारवार काढून मालकांना सहीनिशी द्या. गुपचूप अपडेट मारू नका. नग हलले तर का हलले ते ऑफिसला कळलं पाहिजे. त्यानं मालकांचं निमित्तही संपतं.

आणखी एक. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे?

लूमसॉफ्ट_सोलापूर
माझ्याकडेच. एनीडेस्कचा (लांबून त्यांचं मशिन चालवायच्या ॲपचा) कायमचा पासवर्डही. त्यांना त्यातलं कळत नाही.

सायबर_सातरस्ता
मुख्य पासवर्ड बंद पाकिटात द्या आणि पोच घ्या. स्वतःसाठी मर्यादित अधिकाराचं वेगळं लॉगिन ठेवा. कायमचा रिमोट पासवर्ड काढून टाका, त्यांनी समोरून परवानगी दिली तरच आत जा. आत गेल्याची तारीख, वेळ, कारण लिहून ठेवा. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड २००८मध्ये एका इंजिनिअरनं अडवून धरले होते, तोडफोड काहीच नव्हती, तरी ४ वर्षांची शिक्षा झाली. आणि लपवलेला लॉक सापडत नाही असं समजू नका. सीमेन्सच्या एका कंत्राटी प्रोग्रामरनं पेनसिल्व्हेनियात स्प्रेडशीटमध्ये अशीच तारखेची मेख मारली होती. तो गावाबाहेर असताना तातडीचं काम निघालं, पासवर्ड दुसऱ्याला द्यावा लागला आणि सगळं उघडं पडलं. २०१९मध्ये ६ महिने कैद.

सीए_होटगीरोड
पैसे कसे निघतील ते कुणी सांगेना म्हणून लिहितो. आधी स्वतःचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता, उघडा. तुमच्या बिलावर त्यांनी टीडीएस कापून भरला असेल तर देणं मान्य असल्याचा तो चांगला पुरावा. उद्यम नोंदणी कामाच्या आधीची आहे का तेही बघा, नंतरची असेल तर अडचण येते.

आधीची असेल तर एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा २००६, कलम १५ : मुदत लेखी ठरलेली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, ठरलीच नसेल तर १५. त्यानंतर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय आयकराचा नियम, १९६१च्या कायद्यात तो ४३बी(एच) म्हणून १ एप्रिल २०२४पासून लागू झाला : त्या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत थकले, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. जीएसटीतही बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं कराचं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. या तिन्ही गोष्टी एका पानाच्या पत्रात घाला. पत्र स्पीड पोस्टानं मालकांना आणि ईमेलनं त्यांच्या सीएंना पाठवा. मालक फोन उचलत नसले तरी सीए उचलतील. नाहीच झालं तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा, सोबत बिलं, व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आणि मालकांचा "ओके".

कोडर_बाळे
परिषदेत वर्ष जाईल. लॉकनं एका दिवसात फोन येतो.

सीए_होटगीरोड
येईल की, पण तो पोलीस स्टेशनातूनही येऊ शकतो. आणि तोवर रात्रपाळीची तक्रार तशीच असेल तर परिषदेतही ते "काम अपुरं" असंच म्हणतील. म्हणून डीबीएंनी सांगितलेली दुरुस्ती आधी, पत्र त्यानंतर लगेच.

लूमसॉफ्ट_सोलापूर
२६एएस बघितलं. पहिल्या बिलावर टीडीएस दिसतोय, दुसऱ्यावर नाही. उद्यम आधीची आहे. रात्रपाळी दुसऱ्या बिलात येते. आता काय?

सीए_होटगीरोड
मग दोन पत्रं करा. पहिल्या बिलाचं आजच पाठवा, त्यावर त्यांना वाद घालायला फारशी जागा नाही. दुसरं पत्र दुरुस्ती देऊन पोच मिळाल्यावर, पोचेची प्रत जोडून. दोन्ही रकमा एका पत्रात घातल्या तर दुसरीच्या वादात पहिलीही अडकेल.