घरं आणि दुकानं वेगळ्या झोनमध्ये का?

प्रश्न: राहायचा झोन वेगळा, दुकान-ऑफिसचा वेगळा, हे कशाला करतात? साधी वही आणायला पण गाडी काढायची का?

उत्तर १: मुळात कारखान्यांचा धूर नि आवाज घरांपासून लांब ठेवायला. न्यूयॉर्कने १९१६ साली अख्ख्या शहराला झोनिंग (कुठल्या भागात काय बांधायचं याचे नियम) लावलं, त्यात उंचीचे पण नियम होते कारण टॉवरमुळे खालचे रस्ते अंधारात जायला लागले होते

उत्तर २: पण वहीचं दुकान कुठे धूर सोडतं राव? जपानमध्ये घरांच्या सगळ्यात कडक झोनमध्ये पण घराला जोडून छोटं दुकान चालतं. त्रास किती होतो ते बघा ना.

उत्तर ३: नुसता झोन बघून काय होतंय, एफएसआय बघा, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. १००० चौरस मीटरच्या प्लॉटवर २ असेल तर सगळे मजले मिळून २००० बांधता येतं, मग रस्ता अरुंद, ड्रेनेज जुनं, आणि एफएसआय वाढवला की बसा बोंबलत.