रिपोर्ट नॉर्मल, बाबा मात्र नाहीत

मधली लेक:
बाबा ७८ वर्षांचे. आई गेल्यापासून एकटेच राहतात. दरवर्षी रक्त, लघवी, ईसीजी होतं आणि सगळं नॉर्मल येतं. कसे आहात विचारलं की 'ठणठणीत'. परवा मी भेटायला गेले तर पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं, आधीच्या भोकापासून चांगलं दोन बोटं आत. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा लागतो. चहा निवायच्या आत सुटणारं शब्दकोडं आठवडाभर कोरं पडलेलं. विचारलं की 'वय झालं' हे उत्तर तयार. आता तपासायचं तरी काय? आणखी एक पॅकेज घेऊन काही हाती लागेल असं वाटत नाही.

निवृत्त सिस्टर:
ताई, पहिली तपासणी पट्ट्यानेच केली. वजन करा. मुद्दाम कमी न करता तीन महिन्यांत ३ किलोहून जास्त उतरलं असेल तर 'वय' म्हणून सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांसाठी जी प्राथमिक चाचपणी सुचवली आहे, तिच्यात हा प्रश्न आहेच. स्मरण, हालचाल, पोषण, नजर, कान आणि मन बघतात. रक्ताच्या रिपोर्टात यातलं फारसं काही उमटत नाही.

उठण्याचं म्हणाल तर हाताची घडी छातीशी आणि पाच वेळा उठबस, १४ सेकंदांत. शेजारी उभ्या राहा, नाहीतर तपासणीतच पडायचे! बीपी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी घ्यायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगायचंच. दिवसा बसून घेतलेलं बीपी छान आणि रात्री बाथरूमला उठताना धाडकन खाली, असे पेशंट मी वॉर्डात पुष्कळ पाहिलेत. औषधांची पिशवीही पालथी करून बघा.

उगाच बोलतो:
'उदास वाटतं का' असं थेट विचारू नका. आमचे वडील भडकले होते. वृद्धांमधलं नैराश्य चाचपणारं १५ हो-नाही प्रश्नांचं जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल असतं. ५ च्या वर गुण गेले तर पुढे नीट तपासायचं, ते निदान नव्हे. आणि प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारू दे, तुम्ही बाहेर थांबा. लेकीसमोर बाप ठणठणीतच असतो.

कोऱ्या कोड्याचा अर्थ लगेच लावू नका. मन उडालं, शब्द आठवत नाहीत की चौकटी दिसत नाहीत, तिन्ही शक्य. बाबांना एक प्रश्न माझाही विचारा: रात्री दोनला बरं वाटेनासं झालं तर फोन कुणाला कराल?

मधली लेक:
करून आले. जुन्या चिठ्ठीवरच्या वजनापेक्षा साडेचार किलो कमी. तीन महिन्यांपूर्वीचीच चिठ्ठी. उठबस तिसऱ्या वेळी अडली, हात आपोआप खुर्चीला गेले. कोडं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं तर निम्मं सोडवलं, म्हणजे डोळे आधी दाखवायचे. पिशवीत बीपीची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी निघाली. दोन डॉक्टरांनी दिलेली, बाबा दोन्ही इमानेइतबारे घेतात! जेवण एकदाच, 'एकट्यासाठी कुठे कुकर लावू'.
रात्री दोनच्या फोनचं विचारलं. म्हणाले, 'कशाला कुणाची झोप मोडायची? सकाळ होईलच की.'

निवृत्त सिस्टर:
गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही पाकिटं घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा, आणि उभ्याने बीपी तिथेच घ्यायला लावा.