पी०१०७ कोड: मॅप सेन्सर बदलायचा का?

प्रश्न: पेट्रोल गाडी, टर्बो नाही. चेक इंजिनचा दिवा लागलाय, आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली होतं, पिकअप नाही. गॅरेजवाले थेट सेन्सर बदला म्हणतायत. आधी काय तपासू?

उत्तर १: पी०१०७ म्हणजे मॅप सेन्सरच्या (इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) सिग्नलचं व्होल्टेज कमी, एवढंच. सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढा, इंजिन बंद, चावी ऑन. रेफरन्स वायरवर (सेन्सरला वीज देणारी) ५ व्होल्ट हवेत. नसतील तर नवा सेन्सर म्हणजे पैसे पाण्यात. वायर घासून बॉडीला लागली असेल, किंवा त्याच ५ व्होल्टवरचा दुसरा सेन्सर शॉर्ट असेल. एकेक कपलर काढून ५ व्होल्ट परत येतात का बघा.

उत्तर २: पिनांवरचा हिरवा गंजही बघा, पावसाळ्यात हमखास. मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर दाखवतो तो दाब. इंजिन बंद असताना मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास. गरम इंजिन, आयडलला ३० ते ४०. ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल वायर ठीक असूनही आकडा तळाशीच? मग सेन्सर बाद.

उत्तर ३: आकडा हलतो, पण आयडलला ६०? व्हॅक्यूमची गळती, म्हणजे इनटेकमध्ये जादा हवा कुठून शिरते ते शोधा.