मदत हवी आहे: कोणी कोणाला फोन केला, ही नोंद गुप्त कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण एक छोटी हेल्पलाइन चालवतो. सरकारी खात्यांतला गैरव्यवहार उघड करू पाहणारे लोक फोन करतात, आम्ही त्यांची वकिलाशी गाठ घालून देतो. बरेच जण त्याच खात्यांत नोकरीला असतात. पहिला प्रश्न बहुधा एकच, "हा फोन कोणी ऐकत तर नाही ना?" या माणसांना थातूरमातूर उत्तर द्यायचं नाही, म्हणून हा धागा.

सिग्नल, व्हॉट्सॲप या ॲपवरचं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय मधल्या कोणालाही ते कळत नाही. साधा कॉल आणि एसएमएस मात्र आदेश आला की टेलिफोन कंपनीतूनच टॅप होऊ शकतो, इतपत कळतं. पण मला त्याहून जास्त धास्ती आहे ती नोंदीची. कुठला नंबर, कुठला टॉवर, किती वाजता, किती वेळ. अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये फोडलेल्या कागदपत्रांत एका अमेरिकन कंपनीला ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज द्यायला लावणारा कोर्टाचा आदेश होता. त्यात संभाषण मागितलेलंच नव्हतं. एखादा कारकून रात्री अकराला आमच्याशी वीस मिनिटं बोलला आणि सकाळी आम्ही वकिलाला फोन लावला, तर बोलणं ऐकायची गरज कोणाला पडेल?

सिग्नलला २०१६ मध्ये समन्स आलं, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. म्हणून तिकडे वळायचं आहे. पण ज्यांच्याकडे साधाच फोन आहे, त्यांचं काय? एकाने व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा) सुचवलं. त्याने काही साधेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

व्हीपीएनचा साध्या कॉलशी संबंधच नाही. इंटरनेटवरसुद्धा भरवसा नेट कंपनीवरून व्हीपीएनवाल्यावर सरकतो, इतकंच. साध्या फोनवाल्यांना प्रत्यक्ष भेटा आणि येताना फोन घरीच ठेवायला सांगा; खिशातला चालू फोन कॉल न करताही टॉवरला आपला ठावठिकाणा देत असतो. सिग्नलवर गेलात तरी पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्येच शिरलं, तर एन्क्रिप्शन कामाचं नाही. व्हॉट्सॲप वापरणार असाल तर बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, ते आधी बघा.

धागाकर्ता

आभार! पत्रकावर नंबरच्या वर भेटीची वेळ छापतो. आता एकच विचारायचं आहे: हेल्पलाइनच्या फोनमधली कॉल लिस्ट रोज पुसली, तरी कंपनीकडची नोंद राहणारच ना?

प्रतिसाद

राहणार. पण फोन जप्त झाला तर निदान त्यातून नावं सहज हाती लागणार नाहीत. पुसत जा.