मागच्या चाकाच्या तारा तुटत राहतात, आता कुठलं चाक घ्यावं?

दगडवाट:

नमस्कार मंडळी. वर्षभरात मागच्या चाकाच्या सात तारा तुटल्या आणि रिम दोनदा बदलली. आता चाकच नवं घ्यायचं ठरवलंय, पण पुन्हा तेच व्हायला नको म्हणून आधी विचारतो.

पाठीवरच्या पिशवीसकट माझं वजन ९४ किलो. सायकल २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), मागे १४८ मिमी बूस्ट हब, म्हणजे चाकाचा रुंद मधला तुंबा, २८ तारा, रिमची आतली रुंदी २५ मिमी. टायर २.४ चा, हलक्या केसिंगचा (म्हणजे टायरचं अंग पातळ), ट्यूबलेस. मागे २२ पीएसआय हवा ठेवतो. वाट जवळजवळ सगळी दगडांची आणि मुळांची. गुडघाभर उंचीच्या उड्या बऱ्याच, एक मात्र कमरेएवढी.

परवा त्याच मोठ्या उडीनंतर ‘टण्’ असा आवाज आला आणि चाक फ्रेमला घासायला लागलं. तार हबपाशी तुटली होती, अगदी मानेत, जिथे ती वाकते तिथे. सातपैकी सहा तारा डाव्या बाजूच्या, म्हणजे डिस्कच्या बाजूच्या. दर वेळी तेवढी एक तार बदलून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घेतला, महिना-दीड महिना बरं चाललं, की पुन्हा तेच.

कार्बन रिम घेऊ का? २८ ऐवजी ३२ तारांनी खरंच फरक पडतो का?

चिखलमाती:

मी दोन वर्षं कार्बन वापरतोय. रिमला पोचा पडत नाही, चाक वळणात जागेवर राहतं, आऊट क्वचितच काढावा लागतो. पण अॅल्युमिनियमचा पोचा पान्याने सरळ करून घरी येता येतं, तसं इथे नाही. माझी पहिली रिम एका धारदार दगडावर आदळून उभी चिरली. वॉरंटीत बदलून मिळाली, पण तोवर तीन आठवडे सायकल बंद होती. घेणार असाल तर वॉरंटीत रायडिंग करताना झालेली मोडतोड धरतात का, ते आधी वाचा.

बत्तीस आरे:

दगडवाट, कार्बनचा विचार थोडा बाजूला ठेवा. मी गेली बरीच वर्षं स्वतःची आणि मित्रमंडळींची चाकं बांधते, आणि तुमचं वर्णन वाचून मला दुखणं रिमच्या साहित्यात दिसत नाही. ते ताणात आहे आणि हवेत आहे.

तुटलेली तार फेकली नसेल तर तिचं टोक भिंगाखाली धरा. बहुतेक असं दिसेल: एका बाजूला गुळगुळीत, मळकट चंद्रकोर आणि उरलेला भाग खरखरीत, चकचकीत. ती मळकट चंद्रकोर म्हणजे कित्येक आठवडे हळूहळू वाढत गेलेली चीर. उडीच्या दिवशी तुटला तो फक्त चकचकीत भाग. म्हणजे तार त्या उडीने तुटलेली नाही, ती आधीपासून तुटत आली होती.

आता ती डाव्याच बाजूची का? चाकावर भार आला की जमिनीलगतच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. आधीच ओढून ठेवलेली तार थोडी ढिली होते, आणि वजन पेललं जातं ते त्यातूनच. हे दर फेऱ्याला होतं. पुरेशी ताठ तार ढिली होऊनही ताणातच राहते. मुळात सैल असलेली तार मात्र दणक्याला पार मोकळी होते, मान हबच्या भोकात हलते, आणि पुढच्या क्षणी पुन्हा खेचली जाते. हजारो वेळा असं झालं की धातू थकतो. मागच्या चाकात कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांना, जागा द्यायला हबची उजवी कड आत घेतलेली असते, म्हणून उजव्या तारा उभ्या आणि खूप ताठ, डाव्या तिरक्या आणि कमी ताठ. तुटते ती बहुधा कमी ताठ बाजू. बूस्ट हबमध्ये कडा एकमेकींपासून आणखी लांब आहेत, त्यामुळे हा फरक थोडा कमी होतो, पण जात नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून मला तळमळ वाटते. एकदा रिम वाकली की तारा कमी-जास्त ओढून ती सरळ दिसेल अशी करता येते. स्टँडवर फिरवा, आऊट शून्य. पण एक तार दगडासारखी ताठ आणि शेजारची लोंबती. तुमचं चाक दर वेळी ‘सरळ’ होऊन परत यायचं आणि महिन्या-दीड महिन्याने मोडायचं, त्याचं कारण मला हेच वाटतं. घरीच तपासा: तारांना बोटाने छेडत जा, एकाच बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. मधेच एखादी ‘ढब्’ वाजली तर पुढची तुटणार ती तीच.

आता काय घ्यावं. तारा ३२, तीन छेदांची वीण (प्रत्येक तार वाटेत तीन तारांना ओलांडते), मान वाकलेल्या साध्या तारा. सरळ मानेच्या तारा चांगल्या असतात, पण त्या हबमध्ये फिरतात आणि अडल्या वेळी सहज मिळत नाहीत. तार डबल बटेड घ्या, टोकांना २.० आणि मध्ये १.८ मिमी. ऐकायला उलटं वाटेल, पण मध्ये बारीक असलेली तार पूर्ण जाड तारेपेक्षा जास्त टिकते, कारण दणका मधला भाग लांबून घेतो आणि मान वाचते. निपल, म्हणजे तार रिमशी आवळणारे छोटे नट, पितळेचेच. अॅल्युमिनियमचे थोडे ग्रॅम वाचवतात, पण ट्यूबलेस टायरमधलं सीलंट आणि ओलाव्याने खराब होतात आणि पाना लावला की कोपरे झिजतात. ३२ मुळे दर तारेचा वाटा कमी होतो, आणि एक तुटली तरी चाक घरापर्यंत येतं.

रिम अॅल्युमिनियमची, सांधा वेल्ड केलेला, आतून ३० मिमी. मी माझ्या मागच्या चाकाला डीटी स्विसची ईएक्स ५११ घातलीय. दोन पोचे आहेत, टायर अजून हवा धरतो. हब साधा, अवजारांशिवाय उघडणारा. डीटी ३५० ला ३६ दात, म्हणजे पेडल १० अंशांत पकडतं. तेवढं पुरतं.

तयार चाक घेणार असाल तर कागदांवरचा वापराचा वर्ग आणि वजनाची मर्यादा वाचा. वर्ग ३ मध्ये ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या धरलेल्या असतात, वर्ग ४ मध्ये १२२. तुमची कमरेएवढी उडी वर्ग ३ च्या बाहेर आहे.

आणि हवा. हार्डटेलवर ९४ किलो, हलका टायर आणि २२ पीएसआय, यात कुठलीही रिम वाचणार नाही. मागे २६ पासून सुरुवात करा आणि जाड केसिंग घाला, मॅक्सिसचं डबलडाउन किंवा श्वाल्बेचं सुपर ग्रॅव्हिटी. दोन रिम कशाने गेल्या, ते मला तरी इथेच दिसतंय.

दगडवाट:

एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री भिंग आणि टेन्शन मीटर दोन्ही मागून आणले. चंद्रकोर दिसली, अगदी तुम्ही लिहिलीत तशी, नखाच्या कडेएवढी. मीटरवर उजवीकडे ९५ ते ११८ किलो, डावीकडे ३२ ते ७४. ३२ किलोवाली तार हाताला दोरीसारखी लागते. सरळ दिसणाऱ्या चाकात हे असेल असं वाटलं नव्हतं.

नवं चाक येईपर्यंत याच तारा नीट ओढून वापरू का?

बत्तीस आरे:

सपाट रस्त्याला वापरा, त्या उडीवर नको. ज्या तारांनी सात बहिणी तुटताना पाहिल्या, त्या सगळ्या तेवढ्याच थकलेल्या आहेत. ताण सारखा केला तरी आतली चीर बुजत नाही. हब चांगला असेल तर पुढे २८ च्या दुसऱ्या चाकाला कामी येईल.

नवं चाक बांधून घेताना दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. एक, शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबायच्या, चाकभर, दोन्ही बाजूंनी. माना हबमध्ये नीट बसतात आणि उरलेला पीळ ‘टिक टिक’ करत सुटतो. मग पुन्हा आऊट बघायचा. दोन, दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर लिहून मागा. उजवीकडे ११० ते १२०, पण रिमवर कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आत. डावीकडे त्याच्या साधारण दोन तृतीयांश. आकड्यापेक्षाही एका बाजूच्या तारांमधला फरक बघा. वीस टक्क्यांच्या वर नको.

तीन-चार रायडिंगनंतर चाक परत दाखवा. आणि डाव्या-उजव्या तारांची लांबी वेगळी असते, म्हणून दोन्हींच्या दोन-दोन जादा तारा निपलसकट सीटपोस्टच्या नळीत गुंडाळून ठेवा.

चिखलमाती:

टायरच्या आत फोमचा इन्सर्ट पण बघा. चाकामागे पाव किलो वजन वाढतं, चढाला जाणवतं. माझी दुसरी कार्बन रिम मात्र त्यानेच वाचलीय.

दगडवाट:

३२ तारा, पितळी निपल, ३० मिमी रिम अशी ऑर्डर दिली. केसिंग आजच बदललं, हवा २६. चाक आलं की आकडे इथेच टाकतो.